दांडी गेली, बटण आलं: फायदे-तोट्यांच्या यादीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?



पेटच्या मुलाखतीची किंवा सिनॉप्सिसची तयारी सुरू झाली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. एखादा विषय घेतात, वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारतात, डावीकडे फायदे लिहितात आणि उजवीकडे तोटे. पान भरतं, बरंही वाटतं. मग समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारतं, "हे सगळं ठीक आहे, पण यात तुमचा प्रश्न काय?" आणि तिथेच गाडी अडते.

आज आपण अशीच एक यादी हातात घेऊन तिचा प्रश्न होईपर्यंत जाऊ. उदाहरण आहे नव्या गाड्यांमधला इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक, म्हणजे ईपीबी. दोन सीटच्या मधली ओढायची दांडी गेली आणि तिच्या जागी 'पी' लिहिलेलं छोटं बटण आलं, ते हे. हे उदाहरण मुद्दाम निवडलंय. वस्तू लहान आहे, सगळ्यांनी पाहिलेली आहे, पण तिच्यात यंत्रशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर, माणसाची सवय आणि कायदा असे पाचही विषय एकत्र येतात. तुमची शाखा वेगळी असली तरी वाचा. पद्धत तीच लागते.

आधी वस्तू नीट समजून घेऊ

जुन्या पद्धतीत दांडी ओढली की स्टीलची केबल ताणली जाते आणि मागच्या दोन चाकांचे ब्रेक आवळले जातात. दांडीखालच्या दातेरी पट्टीत खिटी अडकते, त्यामुळे हात सोडला तरी ताण तसाच राहतो. ते 'कट-कट-कट' आठवतंय ना, ते हेच दाते.

ईपीबी मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात केबल तशीच राहते, फक्त ती ओढायला हाताच्या जागी मोटर येते. दुसऱ्या प्रकारात केबलच नसते. मागच्या प्रत्येक ब्रेक कॅलिपरवर एक छोटी मोटर बसवलेली असते. गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात, तो जोर एका स्क्रूला मिळतो, स्क्रूवरचा नट पुढे सरकतो आणि पिस्टनला ढकलतो. पिस्टन पॅडला आणि पॅड डिस्कला दाबतो. याला मोटर-ऑन-कॅलिपर म्हणतात आणि आज बहुतेक ठिकाणी हाच दिसतो.

इथे एक बारकावा आहे. हा स्क्रू पंक्चर काढताना लावतो त्या स्क्रू-जॅकसारखा असतो. तुम्ही हँडल फिरवून गाडी उचलता, पण गाडीच्या वजनाने जॅक आपोआप उलटा फिरत नाही. तसंच इथे. ब्रेक लावताना आणि सोडताना वीज लागते, धरून ठेवायला लागत नाही. त्यामुळे "बॅटरी उतरली तर ब्रेक सुटेल का?" याचं उत्तर 'नाही' असं आहे. उलट अडचण वेगळीच येते: बॅटरी उतरली तर ब्रेक *सुटत नाही*. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक घोळ आत्ताच मिटवू. 'ऑटो होल्ड' आणि ईपीबी एक नाहीत. सिग्नलला थांबल्यावर पायाने ब्रेक सोडला तरी गाडी उभी राहते, ते काम ऑटो होल्डचं. त्यात चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकमधला दाब तात्पुरता धरून ठेवलेला असतो. काही मिनिटं झाली किंवा तुम्ही बेल्ट काढून उतरायला लागलात, की बऱ्याच गाड्यांमध्ये ते काम ईपीबीकडे सोपवलं जातं. यादी करताना ऑटो होल्डचे फायदे ईपीबीच्या खात्यात टाकले जातात. संज्ञा वेगळ्या केल्या नाहीत तर पुढचं सगळं मोजमाप घसरतं.

२००१ मध्ये आलेली बीएमडब्ल्यूची ७ सिरीज ही बटणाने पार्किंग ब्रेक लावणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. महागड्या गाड्यांतून तो हळूहळू खाली उतरला. आपल्याकडे २०२० च्या ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये तो मिळू लागला आणि मध्यम किमतीच्या गाडीतही लोक त्याची अपेक्षा करू लागले.

जोर किती लागतो? कागदावर काढून बघू

कुठल्याही यंत्राबद्दल मत देण्याआधी एकदा ढोबळ गणित करायची सवय लावून घ्या. पाच मिनिटं लागतात, पण कोणता मुद्दा वजनदार आणि कोणता हलका हे लगेच कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आर१३-एच या नियमात पार्किंग ब्रेकने भरलेली कार २० टक्के चढावर किंवा उतारावर धरून ठेवली पाहिजे अशी अट आहे. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १३५ या मानकातही २० टक्केच आहे. २० टक्के म्हणजे आडवं १०० मीटर गेल्यावर २० मीटर उंची. कोन सुमारे ११.३ अंश, त्याची साइन ०.१९६.

समजा माणसं-सामानासकट गाडी १५०० किलोची आहे.

उताराच्या दिशेने ओढणारं बल: १५०० × ९.८१ × ०.१९६, म्हणजे सुमारे २,९०० न्यूटन.

मागची दोन चाकं धरणार, म्हणून एका चाकावर १,४५० न्यूटन.

चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर टॉर्क सुमारे ४३५ न्यूटन-मीटर.

डिस्कवर पॅड जिथे घासतो ती त्रिज्या ०.१२ मीटर धरली तर तिथे लागणारं घर्षणबल सुमारे ३,६०० न्यूटन.

डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड आहेत, घर्षण गुणांक ०.४ धरू. मग दाबायला लागणारं बल ३,६०० ÷ (२ × ०.४), म्हणजे सुमारे ४,५०० न्यूटन.

म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ४६० किलो वजन ठेवल्याइतका दाब. आता घर्षण गुणांक ०.४ ऐवजी ०.३ करून बघा. लागणारा दाब एकदम ६,००० न्यूटनवर जातो. एका आकड्यातल्या छोट्या बदलाने उत्तर एक तृतीयांशाने वाढलं. म्हणूनच प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त दाब देण्याची सोय ठेवतात.

आता हाताकडे या. दोन्ही नियमांत हाताने ओढायच्या ब्रेकसाठी लागणारा जोर ४०० न्यूटनपेक्षा जास्त नसावा अशी मर्यादा आहे. ४०० न्यूटन म्हणजे जवळजवळ ४० किलो उचलण्याइतका जोर. संधिवात असलेल्या आजींना किंवा मनगटाचं ऑपरेशन झालेल्या काकांना तो जमेल का? ओढल्यासारखं वाटेल, दोन-तीन दाते वाजतील, दिवाही लागेल, पण सपाट जागेवर धरलेली गाडी उतारावर धरली जाईलच असं नाही. "बटणामुळे सोय होते" हे वाक्य आपण सहज लिहून मोकळे होतो. गणित केल्यावर कळतं की काही लोकांसाठी हा सोयीचा मुद्दा नसून गाडी जागेवर राहण्याचा आहे.

नेहमीची यादी

आता ती उभी रेघ मारूच.

फायदे: लावायला ताकद लागत नाही. दर वेळी दाब सारखा. दांडी गेल्यामुळे मधली जागा मोकळी. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की ब्रेक आपोआप लागतो आणि बेल्ट लावून गिअर टाकून निघालं की आपोआप सुटतो. चढावर गाडी मागे जात नाही. केबल ताणणं, गंजणं, दर काही महिन्यांनी ती ओढून घेणं हा त्रास नाही.

तोटे: किंमत जास्त. बॅटरी उतरली तर ब्रेक सुटत नाही, गाडी ओढून नेणं अवघड. मागचे पॅड बदलायला स्कॅनर किंवा सर्व्हिस मोड लागतो. दांडीसारखा 'थोडा ओढला, थोडा सोडला' असा ताबा राहत नाही. बिघडलं तर आख्खा भाग बदलावा लागतो. कंपनीगणिक वागणं वेगळं.

यादी चुकीची नाही. पण या यादीवर कोणी तीन वर्षं काम करू शकत नाही, कारण तिच्यात न सुटलेलं काहीच दिसत नाही. आता प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे: *कशाच्या तुलनेत? कोणासाठी? आणि बिघडल्यावर काय?*

कशाच्या तुलनेत?

"दर वेळी दाब सारखा" हा मुद्दा घ्या. दांडीच्या तुलनेत खरा आहे. पण ईपीबीला दाब कळतो कसा? बहुतेक रचनांमध्ये दाब मोजणारा वेगळा सेन्सर नसतो. मोटर किती करंट घेते त्यावरून दाबाचा अंदाज बांधतात. पॅड डिस्कला टेकले की स्क्रू फिरवायला जोर लागतो, करंट वाढतो, ठरलेल्या मर्यादेला पोचला की मोटर थांबते. पण करंट काही फक्त दाबामुळे वाढत नाही. थंडीत ग्रीस घट्ट झालं, गिअर झिजले, बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त झाला, तरी तो बदलतो. म्हणजे 'सारखा' आहे तो करंट. दाब सारखा आहे हे एक अनुमान झालं. सेन्सरशिवाय दाबाचा अंदाज जास्त अचूक कसा बांधायचा यावर संशोधन चालू आहे. बघा, 'फायदा' म्हणून लिहिलेल्या ओळीतच एक खुला प्रश्न लपलेला होता.

दुसरं उदाहरण उष्णतेचं. तुम्ही महाबळेश्वरहून पसरणी घाट उतरून वाईला आलात. ब्रेक वापरून वापरून मागच्या डिस्क तापल्यात. उतारावर गाडी लावली, ब्रेक लावला, जेवायला गेलात. डिस्क थंड व्हायला लागते आणि आकसते. किती? १० मिलिमीटर जाडीची लोखंडी डिस्क २०० अंशांनी थंड झाली तर साधारण ०.०२२ मिलिमीटर. पॅडही आकसतात. केसापेक्षाही बारीक फरक आहे हा. पण स्क्रू तर जिथल्या तिथेच आहे, तो काही पुढे सरकणार नाही. मधे फट पडली नाही तरी दाब मात्र उतरतो.

केबलच्या ब्रेकमध्येही दाब उतरतोच, पण ती लांब केबल ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. डिस्क थोडी आकसली तर ताणलेली केबल तेवढी भरपाई काही प्रमाणात करून देते. स्क्रूची रचना ताठ असल्याने तिथे तेवढ्याच आकसण्याला जास्त दाब जातो. 'केबल ताणली जाते' हा तोटा आपण लिहिला होता ना? तोच लवचीकपणा इथे उपयोगी पडतो. याला तोड म्हणून ईपीबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेक तापले असल्याचा अंदाज घेऊन काही मिनिटांनी पुन्हा एकदा आवळण्याची सोय करतात. गाडी बंद करून तुम्ही निघून गेलात आणि मागून 'घुर्र' असा आवाज आला, तर तो हा असू शकतो.

म्हणजे पूर्वी जे काम धातूच्या गुणधर्माने होत होतं ते आता प्रोग्रामच्या एका ओळीने होतं. ते वाईट आहे असं नाही. पण तपासायची जागा बदलली, हे नोंदवायला हवं.

कोणासाठी?

दांडी तीन प्रकारे सांगायची की ब्रेक लागलाय: ती वर उभी दिसायची, हाताला ताण जाणवायचा, दाते वाजायचे. बटण दाबल्यावर एक दिवा लागतो आणि मोटरचा आवाज येतो. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला हे पुरतं. पण आपल्याकडे एकच गाडी किती जण चालवतात ते बघा. घरातले तिघं, पगारी ड्रायव्हर, हॉटेलचा व्हॅले, सर्व्हिस सेंटरचा मुलगा. एका गाडीत बटण ओढल्यावर ब्रेक लागतो, दुसरीत दाबल्यावर. एकीत इंजिन बंद केलं की आपोआप लागतो, दुसरीत नाही. कालच्या गाडीची सवय घेऊन माणूस आजच्या गाडीतून उतरतो.

गाडीने माणसाला दिलेली खूण कमकुवत असली की काय होतं याचं जवळचं उदाहरण ब्रेकचं नाही, गिअर सिलेक्टरचं आहे. २०१६ मध्ये फियाट क्रायसलरने जगभरातल्या ११ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्यांतला इलेक्ट्रॉनिक गिअर सिलेक्टर ढकलल्यावर पुन्हा मधल्या जागेवर यायचा. त्यामुळे गाडी खरंच 'पार्क'मध्ये गेली का, हे हाताला कळत नव्हतं. लोक उतरायचे आणि गाडी घरंगळायची. माणसं जखमी झाली. उपाय म्हणून सॉफ्टवेअर असं बदललं की ड्रायव्हर उतरतोय असं दिसल्यावर गाडी आपोआप 'पार्क'मध्ये जावी. तिथे यंत्र मोडलं नव्हतं. यंत्र आणि माणूस यांच्यातलं बोलणं तुटलं होतं.

मग शेजारच्या सीटवरच्या माणसाचा विचार करा. चालवणाऱ्याला झटका आला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर अडकला. दांडी मधे असली तर शेजारचा ती ओढू शकतो, कारण ती काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं. भर वेगात दांडी जोरात ओढली तर मागची चाकं अडकून गाडी फिरण्याचा धोका असतोच. ईपीबीमध्ये चालत्या गाडीत बटण ओढून *धरून ठेवलं* तर बहुतेक गाड्यांत चारही चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक लागतात आणि चाकं अडकणार नाहीत याची काळजी सिस्टिम घेते. तांत्रिकदृष्ट्या हे दांडीपेक्षा किती तरी चांगलं आहे. पण ते शेजारच्याला माहीत आहे का? बटण काही गाड्यांत स्टिअरिंगच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या दाराच्या बाजूला असतं. तिथे त्याचा हात पोचतो का? आणि न घाबरता तो ते धरून ठेवेल का? यंत्राची क्षमता आणि माणसाच्या हाताला मिळणारी क्षमता यांत हे अंतर आहे, आणि ते मोजता येतं.

गॅरेजवाल्यांनाही यादीत धरा. तालुक्याच्या ठिकाणी मागचे पॅड बदलायचे असतील तर मेकॅनिक पिस्टन शिकंज्याने मागे दाबतो. वर्षानुवर्षं तसंच केलंय. मोटर-ऑन-कॅलिपरमध्ये स्क्रू आधी मागे घ्यावा लागतो, नाहीतर आतला स्क्रू किंवा गिअर खराब होऊ शकतो. त्यासाठी स्कॅनर हवा किंवा त्या गाडीची सर्व्हिस मोडची पद्धत माहीत हवी. ही माहिती कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हा तांत्रिक वाटणारा पण सामाजिक प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलमध्ये वाहन क्षेत्रही आहे. अभियांत्रिकीबाहेरच्या कोणाला या विषयात शिरायचं असेल तर दार इथून उघडं आहे.

बिघडल्यावर काय?

आता तीन रिकॉल शेजारी शेजारी ठेवू. तिन्ही साधारण सहा-सात महिन्यांतले आहेत.

ऑक्टोबर २०१६: टोयोटाने जगभरातल्या सुमारे ३,४०,००० प्रियस परत बोलावल्या. पार्किंग ब्रेकची केबल जागेवरून निसटू शकत होती, मग ब्रेक लागतच नसे.

ऑक्टोबर २०१६: होंडाने अमेरिकेतल्या २०१६ च्या सुमारे ३,५०,००० सिव्हिक परत बोलावल्या. इंजिन बंद केल्यावर लगेच ईपीबीचं बटण वापरलं तर सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे ब्रेक न लागण्याची शक्यता होती. दुरुस्ती काय, तर सॉफ्टवेअर अपडेट.

एप्रिल २०१७: टेस्लाने सुमारे ५३,००० मॉडेल एस आणि मॉडेल एक्स परत बोलावल्या. ईपीबीमधला एक छोटा गिअर नीट बनलेला नसल्यास तुटू शकत होता आणि मग लागलेला ब्रेक सुटत नव्हता.

आता सांगा, "इलेक्ट्रॉनिक ब्रेक जास्त बिघडतो" किंवा "कमी बिघडतो" असं काही या तीन नोंदींवरून म्हणता येईल का? नाही. पण दुसरं बरंच काही शिकता येतं.

एक, बिघाडाची जागा. पहिला केबलमध्ये, दुसरा सॉफ्टवेअरमध्ये, तिसरा धातूच्या गिअरमध्ये. दांडीची जागा बटणाने घेतली म्हणून बिघाड संपले नाहीत, त्यांचा पत्ता बदलला.

दोन, बिघाडाची दिशा. पहिल्या दोन प्रकरणांत ब्रेक *लागत नाही*, गाडी घरंगळू शकते. तिसऱ्यात ब्रेक *सुटत नाही*, गाडी अडकून बसते. दुसरं चिडचिड करणारं आहे, पहिलं जीव घेऊ शकतं. आणि एक तिसरी दिशाही कल्पनेत ठेवा: हायवेवर ब्रेक आपणहून लागणं. आयएसओ २६२६२ हे वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचं मानक (पहिली आवृत्ती २०११, दुसरी २०१८) अशा प्रत्येक धोक्याला तीन मापं लावायला सांगतं: इजा किती गंभीर होईल, तशी परिस्थिती किती वेळा येते, आणि ड्रायव्हरला ती सावरता येईल का. 'बॅटरी उतरली तर ब्रेक सुटत नाही' हा मुद्दा या चाळणीतून गेला की कुठे बसतो ते स्वतः करून बघा.

तीन, दुरुस्तीची पद्धत. सॉफ्टवेअरचा दोष एकाच वेळी लाखो गाड्यांत सारखाच असतो, पण बरा होतानाही एकाच अपडेटने होतो. केबल प्रत्येक गाडीत हात घालून बघावी लागते. यात चांगलं काय हे ठरवण्याआधी 'चांगलं' म्हणजे काय ते ठरवावं लागेल.

आकड्यांची तुलना करताना

इथे एक धोक्याचा कंदील लावतो. रिकॉलमधला आकडा हा *बोलावलेल्या* गाड्यांचा असतो, *बिघडलेल्या* गाड्यांचा नाही. टेस्लाच्या प्रकरणात प्रत्यक्ष खराब गिअर अगदी थोड्या गाड्यांत असण्याची शक्यता होती, पण कोणत्या त्या आधी सांगता येत नसल्याने सगळ्या बोलावल्या. "५३,००० ब्रेक फेल झाले" असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत तर परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतील.

दुसरा धोका निवडीचा. समजा तुम्ही ईपीबी असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांचे अपघात मोजले आणि ईपीबीवाल्या कमी घरंगळल्या असं दिसलं. श्रेय ईपीबीचं का? ईपीबी आधी महाग गाड्यांत आला. त्या नव्या असतात, त्यांत ऑटोमॅटिक गिअर जास्त, एअरबॅग जास्त, देखभाल नियमित, आणि त्या बहुधा सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये उभ्या राहतात. मग एकाच मॉडेलचे दोन व्हेरिएंट घेऊ, असं कोणी म्हणेल. कल्पना चांगली आहे, खालच्या व्हेरिएंटमध्ये दांडी आणि वरच्यात बटण. पण तिथेही वरच्या व्हेरिएंटमध्ये ऑटोमॅटिकचं प्रमाण जास्त निघालं, तर ब्रेकचा परिणाम आणि गिअरचा परिणाम एकमेकांत मिसळले. तेवढं वेगळं काढता येईल असा नमुना कसा निवडायचा, हे लिहिलंत की तुमच्या सिनॉप्सिसला पद्धतीचं प्रकरण मिळालं.

माहिती कुठून आणायची हेही आत्ताच ठरवा. अमेरिकेच्या एनएचटीएसए या संस्थेकडे रिकॉल आणि ग्राहकांच्या तक्रारी दोन्ही सगळ्यांना बघता येतात. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची पद्धत २०१२ पासून आहे, आणि मोटर वाहन सुधारणा अधिनियम २०१९ ने केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार दिला. पण तक्रारी लिहिणारे लोक हा सगळ्या लोकांचा नमुना नसतो. जो चिडतो तो लिहितो. ही मर्यादा तुम्ही स्वतः लिहा, परीक्षकांना काढू देऊ नका.

मग प्रश्न कसा लिहायचा?

कच्चा विषय: "इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचे फायदे व तोटे: एक अभ्यास."

यातून वर जे निघालं त्याचे तीन प्रश्न करू.

पहिला, यंत्रशास्त्रवाल्यांसाठी: लांब उतारानंतर तापलेल्या डिस्कवर लावलेल्या मोटर-ऑन-कॅलिपर ब्रेकचा दाब थंड होताना किती आणि किती वेळात उतरतो, आणि पुन्हा आवळण्याची वेळ बदलली तर २० टक्के उताराची अट कायम पाळली जाते का? इथे मोजायचं काय ते स्पष्ट आहे, तुलना स्पष्ट आहे, आणि एक टेस्ट बेंच, थर्मोकपल आणि बल मोजणारा सेन्सर एवढ्यात सुरुवात होते.

दुसरा, मानसशास्त्र किंवा अर्गोनॉमिक्सवाल्यांसाठी: चालवणारा बेशुद्ध पडला अशी परिस्थिती दिली तर शेजारच्या प्रवाशाला दांडी आणि बटण शोधून वापरायला किती वेळ लागतो, आणि आधी दोन मिनिटांची माहिती दिल्याने त्यात किती फरक पडतो? हा प्रयोग सिम्युलेटरवर किंवा उभ्या गाडीतच करायचा, आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यायची.

तिसरा, समाजशास्त्र किंवा व्यवस्थापनवाल्यांसाठी: एका तालुक्यातल्या स्वतंत्र गॅरेजांपैकी किती जणांकडे ईपीबीचे पॅड बदलण्याची साधनं आणि माहिती आहे, ती त्यांनी कुठून मिळवली, आणि नसली तर ग्राहकाचं काय होतं?

तिन्हींत एक गोष्ट समान आहे. उत्तर आधीपासून माहीत नाही, आणि उत्तर 'फायदा नाही' असं आलं तरी काम वाया जात नाही. तुमचा प्रश्न या कसोटीवर घासून बघा. दोन्ही बाजूंनी येणारं उत्तर लिहिण्यासारखं असेल तर तो प्रश्न टिकतो.

आता तुमची पाळी. घरच्या, शेजारच्या किंवा कॉलेजच्या एखाद्या ईपीबीवाल्या गाडीचं मॅन्युअल मिळवा आणि चार गोष्टी शोधा: इंजिन बंद केल्यावर ब्रेक आपोआप लागतो का, चालत्या गाडीत बटण धरून ठेवलं तर काय होतं, बॅटरी उतरली तर काय करायला सांगितलंय, आणि उतारावर गाडी लावताना आणखी काय काळजी घ्यायला सांगितलीय. मग ती गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला मॅन्युअल न दाखवता हेच चार प्रश्न विचारा. मॅन्युअलमधलं उत्तर आणि माणसाचं उत्तर यांत जिथे फरक पडेल, तिथे लाल पेनाने खूण करा. सिनॉप्सिसचं पहिलं पान तिथून सुरू करा.

आणि हो, या चार प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत घाटात उतारावर गाडी लावताना ईपीबी लावा, गिअर टाका किंवा ऑटोमॅटिक असेल तर 'पार्क'मध्ये ठेवा, आणि चाकाला एक दगड लावा. ट्रकवाले उगीच लावत नाहीत.